रबईच्या सेवाफेरीला निघण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियाच्या किनारपट्टीवर, रबई परिसरातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीकडे आमची नाशिकची तुकडी दोनदा जाऊन आली. तेव्हापासून उपासनेनंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. गावाचं आणि तिथल्या माणसांचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यांना विचारलं नाही, म्हणून.

आफ्रिकेत म्हणजे नक्की कुठे?

हा प्रश्न विचारलात तेच बरं केलंत. "आफ्रिकेला चाललोय" म्हणणं म्हणजे "आशियाला चाललोय" म्हणण्यासारखं आहे. आपण जातो केनियात, किलिफी काउंटीत. मोंबासा शहरापासून आत साधारण 20-25 किलोमीटरवर रबई आहे आणि त्याच्याही पलीकडे आपलं खेडं. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सहाएक तास लागतात. नैरोबीहून मोंबासाला 2017 साली सुरू झालेली नवी रेल्वे जाते, तिला आणखी पाचसहा तास. उतरायचं ते शहराबाहेरच्या मिरितिनी स्टेशनवर, आणि तिथून माझेरासमार्गे गावाकडे.

कोकणातल्या माणसाला हा मुलूख परका वाटणार नाही. नारळ, आंबा, काजू सगळं आहे, घरावर झावळ्यांचं छप्पर आहे, आणि माडीसुद्धा आहे. तिला म्नाझी म्हणतात. आपण घ्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पण जसजसं आत जावं तसतशी जमीन कोरडी होत जाते आणि मग आठवतो तो आपला मराठवाडा.

एवढ्या लांब रबईच का? डांग किंवा मेळघाट काय वाईट?

वाईट काहीच नाही, आमच्यातले काही तिकडेही जातात. रबईचं कारण नाशिकात आहे. शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात, पण शरणपूर हे नाव कशाचं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. 1854 मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्याने तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. पुढे इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडू लागलं. त्यांवरची सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यातली कितीतरी शरणपूरला येत. तिथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलेलं आहे.

आफ्रिकेत फिरणारे प्रसिद्ध मिशनरी-शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेआधी 1865 मध्ये मुंबईत होते. त्यांनी यातली काही मुलं बरोबर नेली. 1872 मध्ये आणखी काही जण त्यांच्या मदतीला गेले, त्यात जेकब वेनराइट होता. 1873 मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारले. तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती याच जेकबने. मग सगळ्यांनी मिळून तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणला. 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांमध्ये जेकब होता. शरणपूरला शिकलेला मुलगा!

1875 मध्ये प्राइस यांनाच मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभारायला पाठवलं गेलं. तिचं नाव फ्रिअरटाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. वसाहत चालवायला नाशिकची आफ्रिकन माणसं परत गेली. त्यांतले विल्यम जोन्स रबईच्या मंडळीचा भार सांभाळत होते. 1885 मध्ये त्यांना आणि इश्माएल सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले आणि उरलेल्या माणसांना रबईपर्यंत परत आणलं ते जोन्स यांनीच. फ्रिअरटाउनची जुनी घंटा अजून उभी आहे. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे 'घंटेपाशी'.

तेव्हा आम्ही काही नवीन नातं जोडायला जात नाही. जुनंच आहे, मधे दीडशे वर्षं कोणी पत्र टाकलं नाही इतकंच.

म्हणजे तिथे शुभवर्तमान सांगायला जायचं ना?

कोणाला सांगणार? योहान लुडविग क्रॅप्फ हे मिशनरी 1844 मध्ये मोंबासाला आले. दोन-तीन महिन्यांतच त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी वारली. त्या दोघींना तिथेच पुरून 1846 मध्ये त्यांनी योहानेस रेबमान यांच्याबरोबर रबईला मिशन सुरू केलं. म्हणजे रबईची मंडळी शरणपूरपेक्षाही जुनी. आपल्या पणजोबांनी बायबल हातात धरण्याआधी त्यांच्याकडे उपासना चालू होती. त्यांना जाऊन "येशू कोण" सांगणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाची ओळख करून देणं.

आसपास मुसलमान घरं आहेत, आणि मिजिकेंदा लोकांचा जुना धर्म पाळणारीही आहेत. त्यांच्या पवित्र वनांना काया म्हणतात. त्यांतल्या काही 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्याकडच्या देवराया डोळ्यांपुढे आणा. काठी तोडायची नाही, विचारल्याशिवाय आत जायचं नाही, आणि "हे काय अंधश्रद्धेचं" असं मराठीतसुद्धा पुटपुटायचं नाही.

आणखी एक कारण आहे, ते जड आहे. 2023 मध्ये याच काउंटीत शाकाहोलाच्या जंगलात एका स्वयंघोषित पाळकाच्या नादी लागून माणसं उपाशी राहून मेली. चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले, त्यात पोरं होती. तेव्हापासून बाहेरून आलेल्या, हातात माइक घेऊन बोलणाऱ्या माणसाकडे सरकार आणि गावकरी दोघेही रोखून बघतात. बघायलाच हवं. त्यामुळे आपली उघड्यावर सभा नाही, पत्रकं नाहीत. रविवारी पाळकसाहेबांनी बोलायला सांगितलं तर दहा मिनिटं, दुभाष्यासकट.

मग दिवसभर करता तरी काय?

पहिल्या फेरीत आम्ही शाळेची भिंत रंगवली. सात माणसं, चार दिवस, वर फोटो. शेवटच्या दिवशी कळलं की गावातच रंगारी आहे. तो रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभा राहून आमचं काम बघत होता. त्याच्या चार दिवसांची मजुरी आम्ही खाल्ली, आणि रंग त्याने आमच्यापेक्षा बरा दिला असता. हे कोणी तोंडावर बोललं नाही. ती माणसं पाहुण्याला असं बोलत नाहीत.

दुसऱ्या वेळी आधी पत्राने विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तर आलं: पाणी साठवायचंय. तिथे पावसाळे दोन, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. 2020 नंतर पूर्व आफ्रिकेत ओळीने पाच पावसाळे कोरडे गेले. बायका पिवळे वीस लिटरचे कॅन घेऊन लांब चालत जातात. चर्चला पत्रा आहे, म्हणजे पाऊस पडतो तेव्हा छपरावरून पुष्कळ पाणी वाहून जातं. तेव्हा पन्हळ आणि टाकी. हिशेब सोपा आहे: शंभर चौरस मीटर पत्र्यावर एक सेंटीमीटर पाऊस झाला की हजार लिटर पाणी. थोडं सांडलं-गळलं तरी आठशे कुठे गेले नाहीत.

टाकी गावच्या गवंड्यांनी बांधली. आम्ही वाळू चाळली, पाणी दिलं, त्यांच्या हाताखाली राहिलो. आमच्यातला एक जण प्लंबर आहे, नाशिकच्या गंगापूर रोडवर अर्ध्या इमारतींच्या मोऱ्या त्याने केल्यात. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायची साधी नळीची युक्ती त्याने दाखवली. ती तेवढी आमची. बाकी वेळ शाळेत गणित, महिला मंडळाबरोबर शिवण, संध्याकाळी गाणी.

मी नर्स आहे / डॉक्टर आहे. आरोग्य शिबिर घेऊ का?

आपल्या मनाने नाही. परदेशी डॉक्टरला केनियाच्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो, आणि औषधं न्यायची तर त्यांच्या औषध मंडळाची परवानगी. मुंबई विमानतळावर बॅगेत गोळ्यांची पाकिटं कोंबून "देवाचं काम आहे" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. एखादी नर्स भगिनी स्थानिक दवाखान्यात तिथल्या सिस्टरच्या हाताखाली आठवडाभर बसायला तयार असेल तर तिचं स्वागत. ती देईल त्याहून जास्त शिकून येईल, मलेरियाबद्दल तर नक्कीच.

अनाथाश्रमात मुलांना खाऊ वाटायचा आहे.

नको. अशा भेटींनी बऱ्याच ठिकाणी बाजार मांडला. पाहुणे येतात म्हणून आई-बाप असलेली मुलंसुद्धा संस्थांत ठेवली गेली. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली आणि मुलांना घरात, नात्यागोत्यात परत पाठवायचं धोरण धरलं. संडे स्कूलमध्ये मुलं भेटतील, पण तिथली शिक्षिका समोर असेल तेव्हाच. कुठल्याही मुलाला एकट्याने बाजूला न्यायचं नाही. हा नियम मोडणारा परतीच्या गाडीत बसेल, मग तो मंडळीचा कितीही जुना सभासद असो.

जुने कपडे, खेळणी, वह्या आणू का?

कपडे अजिबात नकोत. जुन्या कपड्यांना तिथे मितुंबा म्हणतात. गाठोडी विकत घेऊन बाजारात मांडून बसणाऱ्या बायकांची चूल त्यावर चालते. आपण दोन पोती फुकट वाटली की तिचा महिना बुडाला. वह्या, खडू, सिमेंट सगळं मोंबासात मिळतं, तिथूनच घ्यायचं. इथून न्यायचं ते शिलाई मशिनच्या सुया आणि हलवा. सुया महिला मंडळाने मागितल्या होत्या. हलवा मी न्यायला लागलो, कारण मोंबासाची माणसं स्वतःच्या हलव्याचा फार अभिमान बाळगतात आणि तुलना करायला मजा येते.

व्हिसा लागतो का?

2024 च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा काढून टाकला. त्याऐवजी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, तिला ई-टी-ए म्हणतात. शुल्क 30 डॉलरच्या आसपास, जाण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. अर्जात खरं लिहायचं. सफारीला चाललोय असं लिहून खेड्यात मुक्काम करायचा, हे आमच्यात चालणार नाही. स्थानिक मंडळीचं निमंत्रणपत्र जोडायचं. कामाच्या स्वरूपानुसार वेगळा अल्पकालीन पास लागतो का, ते तिथली मंडळी त्यांच्या इमिग्रेशन कार्यालयात विचारून कळवते. आपण तर्क करायचा नाही.

पिवळ्या तापाची लस खरंच घ्यावी लागते?

हो, आणि ती गरज येताना जास्त. केनियातून परतणाऱ्याकडे या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर भारत सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढचे, गरोदर बाया, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे आणि अंड्याची ॲलर्जी असणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. पहिल्या फेरीत एका काकांनी लस निघायच्या आठ दिवस आधी घेतली. त्यांची तिकीट बदलण्याची धावपळ अजून चर्चेत आहे.

आणि मलेरिया?

याचीच खरी भीती धरा. किनाऱ्यावरचा मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, जीव घेणारा. त्यावर क्लोरोक्विनचा भरवसा नाही. प्रतिबंधक गोळी कोणती ते डॉक्टर ठरवतील. पण नियम पाळा: डॉक्सीसायक्लिन असेल तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. घरी आलो, बरं वाटतंय, म्हणून गोळ्या बंद करणारे दर वेळी दोघे तरी निघतात. मच्छरदाणीत झोपायचं, संध्याकाळी पूर्ण बाह्या. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर फॅमिली डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: "मी केनियाहून आलोय." नाहीतर ते व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देतील आणि दोन दिवस फुकट जातील.

अनवाणी फिरायचं नाही, वाळूतली फुंझा नावाची पिसू पायाच्या कातडीत शिरते. डबक्यात पाय घालायचे नाहीत, बिल्हार्झियाचे जंतू असतात.

सुरक्षित आहे का?

केनियाच्या सोमालिया सीमेकडच्या भागात आणि लामूकडे धोका आहे, तिकडे आपण जात नाही. रबईला आजवर त्रास झाला नाही. मोंबासात खिसा सांभाळा, अंधारात एकट्याने फिरू नका. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका बोडाबोडाचा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचा. हेल्मेट नाही, खड्डे आहेत, तिघे बसतात. आपल्या तुकडीत त्यावर बसायला बंदी आहे. मोंबासात भारताचं सहायक उच्चायोग आहे. पोहोचल्यावर तिथे नाव कळवायचं आणि विमा असा घ्यायचा की गरज पडली तर रुग्णाला हलवण्याचा खर्चही त्यात बसेल.

जेवणाचं काय?

उगाली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उकडीचा थोरला भाऊ. हाताने चिमटून, अंगठ्याने खळगा करून, त्यात भाजी उचलायची. भाजी म्हणजे बहुतेक वेळा सुकुमा विकी. शब्दशः अर्थ "आठवडा ढकल", पगार होईपर्यंत जी पुरते ती पालेभाजी. शिवाय घेवडा, कसावा, नारळाच्या दुधातला भात. चपाती आणि चहा तर नावासकट आपलेच. तिखट कमी असतं. लोणच्याची एखादी बाटली चालेल, पण यजमानांच्या ताटापुढे उघडून "आता चव आली" म्हणायचं नाही.

कोंबडी कापली असेल तर ती त्या घरातली मोठी गोष्ट आहे, हे लक्षात ठेवून खा. शाकाहारी असाल तर महिनाभर आधी कळवा, पानावर बसल्यावर नको.

भाषा येत नाही, कसं निभणार?

गावात घरी मिजिकेंदा बोली, बाहेर स्वाहिली, शाळेत इंग्रजी. स्वाहिलीतले कितीतरी शब्द ऐकताच ओळखीचे वाटतात: दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, पेसा, साबुनी, कलामू, दावा, आणि हेसाबू म्हणजे चक्क हिशेब. समुद्राच्या वाऱ्याने शेकडो वर्षं माल नेला-आणला, त्याबरोबर हे शब्दही आले-गेले.

एक शब्द मात्र पाठच करून या. वडीलधारं माणूस दिसलं की "शिकामो" म्हणायचं. मूळ अर्थ "तुमचे पाय धरतो". ते "मराहाबा" म्हणतात. आपल्या तरुण संघातली जी पोरं इथे आजीच्या पाया पडायला लाजतात ती तिथे दिवसाला वीसदा शिकामो म्हणत होती.

तुम्हाला म्हिंदी म्हणतील, म्हणजे हिंदी माणूस. किनाऱ्यावर हिंदी माणूस म्हणजे बहुधा दुकानदार, त्यामुळे भाव विचारला तर हसा आणि सोडून द्या.

उपासना किती वाजता?

इथे सगळ्यांची फजिती होते. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे त्यांचा "साआ मोजा", पहिला तास. "साआ तातू", तिसरा तास, म्हणजे आपले नऊ. पवित्र शास्त्रात तिसरा तास, सहावा तास वाचून डोकं खाजवणाऱ्यांना ते तिथे आपोआप समजतं. एकाने पहिल्या वेळी "तीन वाजता" ऐकलं आणि जेवून झोपला. उठला तेव्हा उपासनाही संपली होती आणि अर्पणाचा लिलावसुद्धा. नारळ, अंडी, एक बकरू, असं ज्याने जे आणलं ते चर्चपुढे लिलावात निघतं आणि पैसे मंडळीला जातात. आपल्याकडच्या हंगामाच्या सणाची आठवण येते. रोख अर्पण मात्र बरेच जण मोबाइलवरून करतात. एम-पेसा तिथे 2007 पासून आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी.

काय घालायचं?

बायकांना पंजाबी ड्रेस उत्तम. साडी नेसलीत तर कौतुक होईल, पण वाळू चाळता येणार नाही. पुरुषांनी चर्चमध्ये फुल पँट. लष्करी छापाचे कपडे कोणीही आणू नयेत, तिथे कायद्याने बंदी आहे. तशीच प्लास्टिकच्या पिशव्यांना, 2017 पासून, आणि दंड 40 लाख शिलिंगपर्यंत जाऊ शकतो. चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात भरा.

फोटो काढू का?

विचारून. मुलांचे नाहीच. फाटक्या कपड्यातलं पोर आणि शेजारी तुम्ही, हा फोटो कोणाच्याही स्टेटसवर दिसला तर मी फोन करून काढायला लावीन.

म्हाताऱ्या बाईला भूत लागलंय, प्रार्थना करा, असं कोणी म्हणालं तर?

हा प्रश्न दुसऱ्या फेरीनंतर यादीत आला. किलिफीत चेटूक केल्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना मारलं जातं. पुष्कळदा मागे जमिनीचा वाद असतो. पांढरे केस दिसू नयेत म्हणून काही जण रंगवतात. अशा ठिकाणी बाहेरच्या पाहुण्याने "हिच्यात दुष्टात्मा आहे" म्हणणं म्हणजे तिच्या मरणावर सही करणं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण शांतपणे, आणि पाळकसाहेब सोबत असताना. चेटूक, करणी हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ज्या राज्याला 2013 मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तिथून आपण जातो, तेव्हा नाकं मुरडण्याचाही आपल्याला अधिकार नाही.

खर्च कोण करतं? मंडळीच्या फंडातून मिळतील का?

ज्याचा त्याने करायचा. धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरात सहसा सवलत मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. मंडळीच्या हिशेबात तो घोळ आम्हाला नको. सर्वांत मोठा खर्च विमानाचा. टाकीचे पैसे तिथल्या मंडळीच्या खात्यावर जातात आणि खर्चाची वही त्यांच्या खजिनदार बाई ठेवतात. त्या आमच्या खजिनदारापेक्षा कडक आहेत. गावात कोणी फी, औषध, छप्पर यासाठी हात पसरला तर खिशात हात न घालता त्यांना सांगायचं. मन घट्ट करावं लागतं. मला स्वतःला एकदा जमलं नाही. मग त्या घराच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी रांग लावली.

पुढची फेरी कधी?

ते नाशिकला ठरत नाही. गेल्या वर्षी आमची तारीख जवळजवळ पक्की होती, दोघांनी रजा टाकल्या होत्या. तिकडून निरोप आला: पावसाने ओढ दिली आहे, पाहुण्यांना पाणी पुरवणं जमणार नाही, यंदा येऊ नका. आम्ही गेलो नाही. दुसऱ्या टाकीची पन्हळ बाकी होती, तिचे पैसे पाठवले. नंतर खजिनदार बाईंनी पावतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं होतं, "रंगाऱ्याने पत्रा पण रंगवला."